बोट कुठं उचलायची?

कोकणपट्टीवर बोटीची दुरुस्ती पंचांगाने चालते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीला बंदी. मेअखेरच्या उधाणाला खाडीखाडीत ट्रॉलर वर ओढले जातात, ताडपत्र्या घालून शाकारले जातात, आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की तेच ट्रॉलर पाण्यात सोडायची झुंबड उडते. मेस्त्री, फायबरवाले, इंजिनवाले, रंगारी, सगळ्यांचं वर्ष या दोन टोकांच्या मध्ये बसवलेलं. शिडाची छोटी बोट हौसेखातर बाळगणाऱ्याला या गर्दीत जागा मागायची असते. शिवाय आपल्या बोटीचं काम मासेमारी बोटीपेक्षा वेगळं आहे हेही पटवून द्यायचं असतं, आणि ते जागा मिळवण्यापेक्षा अवघड.

आमची बोट २४ फुटी, तिघा मित्रांत मिळून घेतलेली. अंग फायबरचं, वजन दीड टनाच्या आसपास, पोटाखाली लोखंडी कील, पाण्यात चार फूट खोल जाणारी. ऑक्टोबर ते मे ती मुंबई बंदरात मुरिंगवर असते, पावसाळ्यात जमिनीवर. गेल्या हंगामाच्या शेवटी तिला वर काढली तेव्हा तीन दुखणी दिसली. डोलकाठीच्या पुढे डेकवर पाय दिला की ते किंचित दबत होतं. कील आणि पोट जिथे मिळतं तिथे पुढच्या टोकाला बारीक भेग होती. आणि पाण्याखालच्या भागावर जागोजाग फोड उठले होते.

या तिन्ही गोष्टी रंग मारून झाकता येतात. म्हणून यार्ड शोधायच्या आधी दुखणं ओळखायला हवं. नाहीतर आपण “जरा फायबर मारून द्या” म्हणतो आणि समोरचा अगदी तेवढंच करतो.

डेकचं सांगतो. अशा बोटीचं डेक भरीव नसतं. वर-खाली फायबरचे पातळ थर आणि मध्ये बाल्सा लाकडाचे छोटे ठोकळे, तंतू उभे ठेवून बसवलेले. वजन कमी, ताठपणा भरपूर. पण रेलिंगचे खांब, कप्प्या, क्लीट यांच्यासाठी डेकला भोकं पाडलेली असतात, आणि त्या बोल्टांभोवतीचं सीलंट काही वर्षांनी मरतं. मग पावसाचं पाणी थेंबाथेंबाने आत उतरतं. बाल्सा ओल्या बिस्किटासारखा होतो, पुढे काळा पडून कुजतो, आणि वरून डेक पांढरंशुभ्र दिसत राहतं. ओळखायची पद्धत साधी आहे. स्क्रू ड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ घेऊन इंचाइंचावर ठोकत जायचं. कोरडा भाग खणखणीत वाजतो, ओला भाग बद्द. आवाज बदलला तिथे पेन्सिलने खूण करायची. आमच्या डेकवर अशा खुणा जोडल्यावर जेवायच्या टेबलाएवढा भाग निघाला.

फोडांची गोष्ट वेगळी. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन. बाहेरच्या जेलकोटमधून पाणी अतिशय सावकाश आत झिरपतं, रेझिनमधली पुरती न जमलेली रसायनं त्यात विरघळतात, आणि तो आंबट द्राव आणखी पाणी ओढून घेतो. फोड खिळ्याने फोडला की व्हिनेगरच्या वासाचं पाणी उडतं, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवाच. या फोडांनी बोट बुडत नाही, निदान लवकर नाही. भेग मात्र हसण्यावारी न्यायची नव्हती. ती नुसत्या वरच्या लांबीची, म्हणजे पुट्टीची, असू शकते, किंवा कील कधीतरी खडकाला आपटून आतला सांगाडा सुटल्याची खूणही असू शकते. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ या ४० फुटी ब्रिटिश बोटीची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि चारही खलाशी गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाच्या अहवालात संशयाचं बोट गेलं ते आधी कधीतरी तळ लागल्यामुळे पोट आणि आतला सांगाडा यांच्यातल्या, बाहेरून न दिसणाऱ्या, सुटलेल्या जोडाकडे. तेव्हा आम्हाला कील उतरवून आत बघणारा माणूस हवा होता.

शोध सुरू झाला तो भरती-ओहोटीपासून. मुंबईत उधाणाला भरती आणि ओहोटी यांत चार मीटरहून जास्त फरक पडतो. गोव्यात जेमतेम दोन मीटर. सपाट बुडाची होडी मुंबईच्या बाजूला भरतीला आत घ्यायची आणि ओहोटीला कोरड्यावर बसवायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. चार फुटी अरुंद कील असलेली बोट अशी बसवली तर ती कुशीवर पडते. तिला क्रेन हवी, किंवा तिच्या मापाचा पाळणा.

मुंबईजवळच्या ज्या यार्डात आधी गेलो तिथे क्रेन होती. स्पीडबोटी आणि प्रवासी लाँचचं काम तिथे दिवसरात्र चालतं. व्यवस्थापक चटपटीत, आणि कुठल्याही प्रश्नाला उत्तर “होऊन जाईल”. मी बोलण्यापेक्षा एक लाँच उचलताना बघत उभा राहिलो. बोट उचलण्याची रीत पाहिली की यार्डाबद्दल बरंच कळतं. दोन पट्टे बोटीखालून घालून थेट एकाच हुकात अडकवले होते. वर पट्टे फाकवणारा आडवा दांडा नव्हता, त्यामुळे उचलताना ते दोन्ही बाजूंनी काठ आवळत होते. जाड अंगाची लाँच ते सोसते. आमच्या बोटीचे काठ चिरले असते. पट्टे नेमके कुठे यायला हवेत याची खूण बोटीवर करतात का, असं विचारलं तर त्याने क्रेनवाल्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “त्याचा अंदाज आहे.” अंदाज असेलही. पण कीलच्या पुढे एक आणि मागे एक, सुकाणू आणि पंख्याचा दांडा टाळून, हे अंदाजावर सोडायचं काम नव्हे. उचललेल्या बोटी उन्हात डांबरावर उभ्या, टेकू म्हणून तेलाची रिकामी पिंपं. चार दिवसांत काम करून देतो म्हणाला. ओला बाल्सा चार दिवसांत वाळत नाही, त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

दुसरी जागा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीत. आत वळणावर, वाऱ्यापासून आडोशाला. अशी जागा हेरण्याची रीत जुनीच आहे. विजयदुर्गापासून जवळ गिर्ये इथे वाघोटणच्या खाडीत खडक खोदून केलेली आंग्र्यांच्या आरमाराची गोदी आजही बघायला मिळते. लाटांपासून आत, भरतीचं पाणी येईल अशी, आणि किल्ला जवळच. आमच्या खाडीतल्या कारखान्यात किल्ला नव्हता, पण बाकी सगळं होतं. रूळ, जुन्या ट्रकच्या इंजिनावर चालणारी विंच, सागाच्या फळ्यांची थप्पी आणि सावलीला मोठं आंब्याचं झाड.

मेस्त्री साठीचे. एका ४५ फुटी ट्रॉलरच्या नाळेवर फायबर चढवत होते. काचेची चटई पसरायची, ब्रशने रेझिन पाजायचं, मग लोखंडी रोलर फिरवून हवेचा एकूण एक बुडबुडा बाहेर काढायचा. लगेच विणलेला जाड रोविंगचा थर, पुन्हा चटई. हात कुठे थांबत नव्हता. बादलीत रेझिन घट्ट व्हायच्या आत ती रिकामी होत होती. हार्डनर मात्र बाटलीच्या बुचाने मोजत होते. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचं बूच वजनकाट्याइतकंच नेमकं असेल, आणि ट्रॉलरच्या जाड, भरीव भिंतीला थोडं इकडेतिकडे चालूनही जातं.

आमच्या बोटीचे फोटो त्यांनी बारकाईने पाहिले. कीलच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, “साहेब, पठाण एवढासाच?” पठाण म्हणजे कील. “हिला रुळावर उभी कशी करायची?” मग डेकच्या फोटोकडे बघून, “आणि आत हे भुसकट लाकूड कुणी घातलं? काढून टाका. मरीन प्लाय घालून देतो, तुमच्या नातवापर्यंत बघायला नको.”

म्हणणं चुकीचं नव्हतं. प्लाय टिकतो. पण वजन वाढतं, आणि तेही पाण्याच्या बरंच वर, जिथे छोट्या शिडाच्या बोटीला ते सोसत नाही; वारा लागला की ती जास्त कलते. शिवाय कामाला पॉलिएस्टरच वापरणार होते. नव्या बांधणीत, थर ओला असतानाच पुढचा थर चढवायचा तेव्हा पॉलिएस्टर उत्तम. जुन्या, जमून बसलेल्या फायबरवर ठिगळ लावताना ते एपॉक्सीइतकं धरत नाही. आणि एकदा एपॉक्सी लावलं की त्यावर पॉलिएस्टर नीट बसत नाही. म्हणजे पहिली निवड पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांना बांधून ठेवते.

गोडं पाणी आहे का, हा माझा पुढचा प्रश्न ऐकून ते हसले. प्यायला विचारतोय असं त्यांना वाटलं. फोड सोलल्यावर आतले क्षार आणि आम्ल धुवून काढायला दिवसामागून दिवस गोडं पाणी मारावं लागतं. खारं पाणी वापरलं तर केलेलं सगळं वाया. कारखान्याची विहीर मार्चनंतर मचूळ होत होती. त्यांनी ते लपवलं नाही.

आणखी एक गोष्ट तिथे खटकली. जुना अँटिफाउलिंग रंग दोन पोरं कोरडाच घासत होती, तोंडाला साधा रुमाल. शंख-शिंपले आणि बार्नकल चिकटू नयेत म्हणून या रंगात तांब्याची संयुगं असतात. जुन्या थरांत ट्रायब्युटिल टिनसुद्धा असू शकतं. टिनच्या त्या रंगांवर २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार बंदी आहे, ती समुद्री जिवांवर झालेल्या परिणामांमुळेच. घासलेली पूड केरसुणीने खाडीत लोटली जात होती. तिथून थोड्या अंतरावर ओहोटीला बायका कालवं आणि शिवल्या काढत होत्या. पाणी मारून घासणं, खाली ताडपत्री अंथरणं, पूड गोळा करणं, याला खर्च फारसा नाही. हे फक्त त्या कारखान्याचं नाही, किनाऱ्यावर सगळीकडे असंच दिसतं. पण बोटीचा मालक म्हणून आपण पैसे देतो, तेव्हा ही अट घालणं आपल्या हातात असतं.

तिथून निघताना सुकाणूचा दांडा आणि त्याच्या दोन लाकडी बाजू मेस्त्रींकडे नमुन्याला ठेवून आलो. सागाचं काम त्यांच्याकडून करून घ्यायचं, हे तिथेच ठरलं.

राहिला गोवा. शिडाच्या बोटीचा विषय निघाला की मांडवीतल्या दिवाडी बेटाचं नाव निघतंच. नौदलाची ५६ फुटी ‘म्हादेई’ तिथे रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस यार्डात बांधली गेली. सीडर लाकडाच्या पट्ट्या, वरून फायबर आणि एपॉक्सी. २००९ मध्ये ती नौदलात आली, त्याच वर्षी दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, आणि २०१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता ती पुरी करून परतले. पुढे महिला अधिकाऱ्यांना जगभर फिरवून आणणारी ‘तारिणी’ही गोव्यातच बांधली गेली, आणि २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेली, फळ्या काथ्याने शिवलेली ‘कौंडिण्य’सुद्धा. हे सगळं अभिमानाचं. पण प्रसिद्ध बोट बांधणारं यार्ड आपल्या २४ फुटी बोटीसाठी योग्य असेलच असं नाही. मोठ्या कामांच्या मध्ये छोटी बोट कोपऱ्यात पडून राहते, आणि भाडं दिवसावर चालू असतं.

आम्हाला शेवटी जमली ती नदीकाठची एक छोटी शेड. वर पत्रा, बाजूला पडदे, आत तीन बोटींची जागा. मालक स्वतः काम करणारा, मदतीला दोन माणसं. जुलैत गेलो होतो, पाऊस धो धो. फोटो न बघताच तो म्हणाला, “आत्ता नको. दिवाळी होऊ दे, मग आण. आत्ता घेतली तर पैसे तुझे जातील नि नाव माझं जाईल.” गोव्यातला एकेरी, त्यात आपुलकीच असते.

या एका नकाराने आमचा निर्णय जवळजवळ झाला. पावसाळ्यात हवेत इतकी आर्द्रता असते की ओला भाग वाळत नाहीच, उलट एपॉक्सी जमताना वरती चिकट मेणचट थर येतो. तो पाण्याने घासून न काढता पुढचा हात दिला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. दोन हातांच्या मध्ये काय करतोस, असं त्याला विचारलं. त्याने कोपऱ्यातली खरखरीत घासणी आणि पाण्याची बादली दाखवली. रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजत होता, डबे सावलीत, फळीवर तारखा लिहून. ओल मोजायचं मीटर होतं, आणि शेडमधल्या एका बोटीच्या पोटावर पेन्सिलने लिहिलेले आकडे आठवड्याआठवड्याने उतरत गेलेले दिसत होते.

गोव्याला एक खर्च असा आहे जो कोणत्याच कोटेशनमध्ये दिसत नाही. मुंबईहून गोव्यापर्यंत समुद्रमार्गे सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. थंडीत पहाटे जमिनीवरून मतलई वारा मिळतो, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा पाठीशी येतो, जाणं मजेत होतं. परत येताना तोच वायव्येचा वारा तोंडावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये छोट्या बोटीला तो चांगलाच दमवतो. रात्री इंजिनावर, दुपारी एखाद्या खाडीत नांगर टाकून, अशी मजल दरमजल करावी लागते. ट्रेलरवरून न्यायची तर डोलकाठी उतरवा, परवानग्या बघा, रस्त्यावरचे गतिरोधक सोसा. आम्ही जाताना पाण्याने आणि येताना ट्रेलरने, असा हिशेब धरला. तो धरल्यावर खाडीतल्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट रक्कम झाली. तिघांपैकी एकाचा चेहरा उतरला, तरी त्याने होकार दिला.

अंदाजपत्रक मात्र नीट लिहून घेतलं. उचलणं आणि सोडणं वेगळं, जागेचं भाडं वेगळं, मजुरी तासावर, माल बिलावर. डेक कापल्यावर आणखी कुजकं निघालं तर फोन करून विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. सगळ्याला मिळून एकच आकडा सांगणारा माणूस सोयीचा वाटतो, पण जुन्या बोटीच्या आत काय आहे हे कापल्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. ठाम आकडा देणारा एकतर जास्त पैसे धरतो, नाहीतर कुजकं दिसलं तरी वरून झाकतो.

नोव्हेंबरात बोट शेडमध्ये गेली. पट्टे कुठे यावेत त्याच्या खुणा आम्ही आधीच दोन्ही काठांवर चिकटपट्टीने केल्या होत्या. वजन कीलवर, आणि बाजूचे टेकू आतल्या आडव्या भिंतींच्या रेषेत, कारण मधल्या मोकळ्या पोटावर टेकू दिला तर पोट आत दबतं. डेकचा वरचा थर पेन्सिलच्या रेषेच्याही पुढे, कोरडं लाकूड लागेपर्यंत कापला. बाल्सा हाताने उकरून काढता येत होता. नवे ठोकळे एपॉक्सीत बसवले. कापलेल्या थराच्या कडा तिरप्या घासल्या, जाडीच्या बारा पट रुंद उतार करून, म्हणजे नवा थर जुन्याला धरून बसतो. प्रत्येक बोल्टाचं भोक आधी मोठं करून एपॉक्सीने भरलं आणि मग पुन्हा छेदलं. आता सीलंट मेलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही. बोट मुळात बांधली त्या कारखान्यात हे कुणी केलं असतं तर एवढा खटाटोप टळला असता.

कील उतरवली. आतल्या आडव्या पट्ट्या ठोकून, आरशाने बघून तपासल्या, शाबूत निघाल्या. सांध्यातलं सीलंट मात्र पूर्ण मेलेलं, आणि दोन बोल्टांची गंजून मान बारीक झालेली. बोल्ट बदलले, लोखंड घासून एपॉक्सीचा हात दिला, नवं सीलंट लावून कील पुन्हा चढवली आणि बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळले. फोडांना सर्वांत जास्त वेळ लागला. त्यात काम थोडं आणि वाट बघणं फार. धुणं, वाळवणं, मीटर लावणं, पुन्हा धुणं. शेडचा मालक एकदाही घाईला आला नाही. शेजारच्या बोटीचा मालक रोज फोन करायचा, त्याची बोट आमच्या आधी बाहेर गेली.

तुमची बोट उचलायची असेल तर यार्डात जाऊन आधी दुसऱ्याची बोट उचलताना बघा, गोडं पाणी आणि छप्पर बघा, आणि ज्याच्या हाताने काम होणार त्याच्याशी बोला, ऑफिसात बसलेल्याशी नव्हे. बोट पाण्यात सोडताना पट्टे लगेच सोडू देऊ नका. ती हुकावर असतानाच आत उतरा, पाण्याखालचा एकूण एक कॉक आणि कीलचा एकूण एक बोल्ट हाताने चाचपा, कोरडं असेल तरच मान हलवा. आणि नोव्हेंबरची जागा हवी असेल तर गणपतीच्या आधी विचारा. चांगल्या शेडमध्ये तीनच बोटी मावतात.